हौसेनं रंगवलेला बोल्ट

मुलांनो, डोळ्यांपुढे एक गॅरेज आणा. आईची स्कूटर दुरुस्त होईपर्यंत छकुली तिथल्या बाकावर बसली आहे. समोर एक लाल, बुटकी स्पोर्ट्स कार आहे. गाडीचे मालक मेकॅनिकताईंशी बोलताहेत आणि छकुलीचे कान तिकडेच आहेत.

“ताई, ब्रेक दाबला की हेडलाइट मंदावतात. आज आईला यातून फिरवायचं कबूल केलंय. सकाळपासून नटून बसलीय ती.”

“काका, पत्र्याच्या गाडीत वीज पत्र्यावरूनच बॅटरीकडे परत जाते. तुमची गाडी फायबरची, तिच्यातून वीज जात नाही. म्हणून सगळ्या तारा आतल्या लोखंडी सांगाड्यावर एका बोल्टला आणून जोडतात. तेच अर्थिंग.”

“तो बोल्ट? डॅशबोर्ड उतरवला होता तेव्हा मी त्याला हौसेनं रंग दिला. चांगले दोन हात.”

“तारांच्या टोकांनाही?”

“मग? अर्धवट काम मला आवडत नाही.”

“आता वीज जाणार कुठून, काका? रंग खरवडायला हवा.”

“खरवडा की.”

“माझं मनगट अडकतंय तिथं. पुन्हा डॅशबोर्ड उतरवायचा तर उद्या संध्याकाळ होईल.”

“आई माझी सालटी काढेल.”

“तुमचा हात जातो का बघा.”

“माझा? अहो, तो बरणीतसुद्धा जात नाही.”

“बॅटरी केव्हाच सोडवून ठेवलीय. नुसतं पॉलिश पेपरनं घासायचं राहिलंय.”

छकुलीनं आपला हात उलटासुलटा करून पाहिला, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि पॉलिश पेपर मागायला उठली.