‘ना’ म्हणायची कार्यशाळा

हसू नकोस शुभदा, आधी ऐक. तिकडे उत्तरेत, गंगेकाठच्या कॉलेजात नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला आम्ही दिवसभर आयसीयूत राबायचो आणि वर डॉक्टरांच्या तोडीचा अभ्यास करायचो. दोघी वॉर्डातच चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठे कॉलेजला आमची दया आली. सुट्टी नाही दिली गं! आमचा रविवार घेऊन त्यात तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवली. हजेरी सक्तीची.

व्याख्याते तासभर उशिरा आले. गळ्यात झेंडूचा हार घालून म्हणाले, “बेटियो, तुम्हारे तनाव की जड़ एक ही है. तुम ‘ना’ नहीं कहतीं!” मग आम्हाला उभं करून, हात वर करायला लावून, “ना! ना!” असं ओरडून घेतलं. प्राचार्याबाई पुढच्या खुर्चीतून टाळ्या वाजवत होत्या.

कार्यक्रम संपला. मी जिन्यापाशी पोचते न पोचते तोच मागून व्याख्यात्यांची हाक. “सिस्टर, शाम को ज़रा रामनगर आ जाना. पिताजी को इंजेक्शन लगाना है. रोज़ का ही है.”

म्हणजे गंगा ओलांडून पलीकडच्या काठाला, फुकटात, रोज!

मी म्हटलं, “ना.”

त्यांना वाटलं, गंमत करतेय. मग मी हात वर करून म्हटलं, अगदी शिकवलं होतं तस्सं. गृहस्थ लालबुंद होऊन तडक प्राचार्याबाईंकडे.

बाईंनी मला बोलावलं, चष्म्यावरून पाहिलं आणि निदान केलं, “तुम बहुत तनाव में हो. अगले इतवार फिर से वर्कशॉप में बैठना.”