शिंपीबुवा निघाले, निघाले…

…आणि वर मलाच म्हणतो, ‘‘मास्तर, फार घोरता हो तुम्ही!’’ आता बोला! ज्याच्या घोरण्यानं खिडकीची काच थरथरते, त्या माणसानं हे मला ऐकवावं? माझं काही म्हणणं नाही हो, पण तुम्हाला सांगतो, या वृद्धाश्रमात दोन खाटांची खोली मिळाली आणि दुसऱ्या खाटेवर कोण, तर हा शिंपी! दुकान सुटलं, पण हात काही स्वस्थ नाहीत. माझा चांगला धडधाकट पायजमा उसवून ठेवला! का? तर ‘‘टाके वाकडे होते, बघवेना!’’ अहो, घालणार मी, टाके बघत बसणार कोण? बरं, स्वतःला सुईचं भोक दिसत नाही, म्हणजे उसवणार हा आणि दोरा ओवत बसणार मी! टपाल कचेरीत पोस्टमास्तर म्हणून उभा जन्म शिक्के मारले आणि म्हातारपणी हा हुद्दा! माझं काही म्हणणं नाही…

तर काल त्याची मुलगी आली न्यायला. कायमचं! घरी खोली तयार, पलंग तयार. मी मनात म्हटलं, सुटलो! खिडकीजवळची खाट आता आपली! तर हा तिला कोपऱ्यात नेऊन कुजबुजतोय… आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं कुजबुजणं ते, पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं… ‘‘बाळे, येतो गं मी, पण मास्तरांचं कसं व्हायचं? त्यांना सांभाळायला कोण आहे इथं? त्यांच्यासाठी अडलोय मी!’’

माझ्यासाठी?! तळपायाची आग मस्तकात गेली हो! तेवढ्यात ती पोरगी माझ्याकडे आली. ‘‘काका, तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतील ते.’’ झालं! एकच शब्द बोलायचा होता… जा! मी ताठ उभा राहिलो, घसा खाकरला, तोंड उघडलं… आणि बाहेर काय पडलं? ‘‘त्यांचे कपडे वाळायचेत अजून. ओले कसे नेणार?’’

मला तरी कुठं माहीत होतं मी असं बोलणार ते! ती माझ्याकडे बघतच राहिली, मग हसली, ‘‘बरं, वाळले की कळवा,’’ म्हणाली आणि गेली.

वाळले की संध्याकाळी. कडकडीत! मी स्वतः घड्या करून त्याच्या खाटेवर ठेवले. आणि आज सकाळी बघतो, तर बुवांनी सगळेच्या सगळे पुन्हा बादलीत भिजवलेत! वर मलाच म्हणतो, ‘‘मास्तर, मनगटात जोर राहिला नाही हो!’’

माझं काही म्हणणं नाही… पण निघतो आता, पिळायचेत.