फोटोत न आलेला ओटा

खरं सांगू का, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसावर माझा अजूनही विश्वास नाही. राजापेठेत आमच्या समोर एक नवा भाडेकरू आला. रोज कोणाला तरी ज्याच्या त्याच्या घरच्या ओट्यावर बसवून फोटो काढायचा. मी म्हटलं, हा नक्की महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांचा माणूस. आमचा ओटा आम्ही मागच्याच वर्षी नालीवर दोन फूट पुढे घेतला होता ना.

एक दिवस आलाच दारात. "काकू, तुमचा एक फोटो काढू काय?"

"कावून रे? कोनं पाठवलं तुले?"

"कोनीच नाही. मले चेहऱ्याचे फोटो काढाचा शौक आहे."

"हा ओटा सासऱ्याच्या काळातला आहे, सांगून ठेवते."

"काकू, मी ओट्याचं कुठी विचारलं?"

तरी मी नव्या सिमेंटवर लुगड्याचा घोळ पसरूनच बसले.

आठवड्याने त्याने फोटो आणून दिला. त्यात नुसता चेहरा होता, ओट्याचा कोपराही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

आमच्या यजमानांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "ओटा फोटोत नाही आला, पन तुह्या तोंडावर पुरा दोन फूट दिसून राहिला."