केळंबाक्कमच्या पुढचा अंधार

(संध्याकाळचे सात. केळंबाक्कमच्या पुढे, तळ्याकाठच्या रस्त्याच्या कडेला उभी गाडी. स्टिअरिंगवर अशोकची बायको विद्युलता, शेजारी तिचे सासरे सेतुमाधव.)

विद्युलता: पण अप्पा, गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये होती ती ब्रेकसाठी, असं तुम्हीच म्हणालात ना?

सेतुमाधव: म्हणालो. खोटं बोललो. ब्रेक अस्के नीट आहेत, एकूण एक. नसते तर त्या रात्री तुझ्या गाडीसमोर आलेली म्हैस वाचली नसती.

विद्युलता: म्हैस वाचली, नंबरप्लेट वाकली. आणि मी घरी येऊन अशोकला सगळं सांगितलं.

सेतुमाधव: आणि तो म्हणाला, अंधार पडल्यावर तू गाडी काढायची नाही.

विद्युलता: चिडून नाही म्हणाला. श्रीपेरुंबुदूरहून येताना बसमध्ये माझाच विचार चालू असतो, म्हणाला. म्हणून तर मला भांडताही येईना. सिरुसेरीच्या ऑफिसातलं नवं पद घेतलं तर साडेसातपर्यंत थांबायला हवं, कंपनीची बस तर सहाला सुटते, म्हणजे रोज अंधारात गाडीनंच यायचं. मग नकाराचा मेल लिहिला. तुमचं इंग्रजी चांगलं, म्हणून तुम्हाला बघायला दिला.

सेतुमाधव: तिथूनच हे सुरू झालं. मी चष्मा लावून तुझा मेल वाचत बसलो होतो. तुझी सासू श्रीरंजनी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, काय आहे. मी सांगितलं. तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "माझं पत्रही तुम्हीच सुधारून दिलं होतं."

विद्युलता: कुठलं पत्र?

सेतुमाधव: तुला कुणी सांगितलं नसेल. अशोकलाही नीटसं माहीत नाही. तेव्हा तो सात-आठ वर्षांचा. तुझ्या सासूला तिरुप्पोरूरच्या पलीकडे एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. शाळा दुपारची, परतायला दिवेलागण होणार. बसचा भरवसा नाही, म्हणून ती स्कूटर शिकली. एका महिन्यात शिकली.

विद्युलता: अम्मा स्कूटर चालवायच्या?

सेतुमाधव: माझ्यापेक्षा बरी. मी म्हणालो, त्या रस्त्यावर दिवे नाहीत, लॉऱ्या असतात, नको. ती 'सरी', ठीक आहे, म्हणाली आणि नकाराचं पत्र लिहिलं. मी त्यातली दोन वाक्यं दुरुस्त केली, पाकिटात घातलं, टाकूनही आलो. मला वाटलं होतं, मी तिला सांभाळतोय.

विद्युलता: त्या कधी काही बोलल्या नाहीत?

सेतुमाधव: कधी नाही. त्या दिवशी भाजी निवडताना पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून मला थांबवलंत. आता गाडीला तरी चांगले दिवे लावून द्या."

विद्युलता: मग?

सेतुमाधव: मग काय, उठलो. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. त्यानं पांढरेशुभ्र एलईडी दाखवले, दिवसासारखं दिसेल म्हणाला. अर्ध्या तासात बसवलेही. मी खूश. पण घरी येईतो समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारायला लागला. एका रिक्षावाल्यानं थांबून मला तमिळमध्ये जे ऐकवलं ते मी तुला सांगणार नाही. बरोबर होतं त्याचं.

विद्युलता: त्यांच्या डोळ्यांवर येत होतं?

सेतुमाधव: त्यांच्या डोळ्यांवर, झाडांवर, आभाळात. रस्ता सोडून अस्कीकडे. चाळीस वर्षं मुलांना आरसा शिकवला आणि माझ्या ध्यानात आलं नाही. दिव्यामागचा आरसा जुन्या बल्बच्या तारेसाठी घडवलेला असतो. उजेड भलत्या जागेवरून आला की तो फाकतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी गुरुमूर्तीकडे गेलो. मोटारींची वायरिंग करतो, माझाच विद्यार्थी. फिजिक्समध्ये दोनदा नापास.

विद्युलता: आणि त्याच्याकडे गेलात?

सेतुमाधव: दिव्यांचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो हसला नाही, एवढी भलाई. एलईडी काढले. आधी दिव्यावरची काच दाखवली, ऊन खाऊन पिवळी पडली होती, ती घासून पॉलिश केली. वायरमधून वीज पुरती पोचत नव्हती, म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर आणि रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टाकला. बल्ब जुन्याच वॅटचे, पण चांगल्या प्रतीचे. मी एक हातात घ्यायला गेलो तर ओरडला, बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, सर, तेलकट डागानं तो लवकर जातो. शेवटी गाडी भिंतीसमोर उभी करून उजेडाची रेघ खाली आणली, समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये अशी.

विद्युलता: एवढं सगळं त्या तीन दिवसांत?

सेतुमाधव: अजून एक केलं. काल याच वेळी त्याला इथं घेऊन आलो. तो लांबून गाडी हळू आणणार, मी दिसलो की थांबणार. मी कडेला तपकिरी शाल पांघरून उभा.

विद्युलता: अप्पा, रस्त्यात?

सेतुमाधव: कडेला म्हटलं ना. म्हैस काय पांढरी साडी नेसून येते? आधी जुने बल्ब लावून केलं, मग नवे. पावलं मोजली. जुन्यांनी चाळीस पावलांवरून दिसलो, नव्यांनी शंभराच्या जवळ. तुझ्या सासूला घरी जाऊन आकडे सांगितले. ती म्हणाली, मला आकडे नकोत, विद्यूला दाखवा. आता लाव दिवे.

विद्युलता: लावते.

सेतुमाधव: काय दिसतं?

विद्युलता: रस्त्याची डावी कड दिसते, पार वळणापर्यंत. खड्डा दिसतो. तो दगडही. इथून मी रोज जाते, अप्पा. हा दगड मला माहीतच नव्हता.

सेतुमाधव: अंधार आहे तेवढाच आहे. तू हळूच चालवायचंस. पाऊस असला तर थांबायचंस, मला फोन करायचास.

विद्युलता: करीन. आणि अशोकला रविवारी इथे आणते. त्याला आधी स्वतः बघू दे, मग बोलू. त्याची काळजी खोटी नाहीय.

सेतुमाधव: माझीही खोटी नव्हती. मेलचं काय करतेस?

विद्युलता: उत्तर उद्यापर्यंत द्यायचंय. नवा लिहिते. तुम्ही बघाल ना?

सेतुमाधव: नाही बघणार. चुका असल्या तर असू देत.

विद्युलता: चला, घरी. जेवण झाल्यावर अम्मांना एक फेरी मारून आणू का?

सेतुमाधव: जेवणानंतर कशाला? ती केव्हाची साडी बदलून दारात बसलीय.

विद्युलता: मग त्या पुढे बसतील.

सेतुमाधव: बसू दे. मी मागे बसतो.