जपान्याची तलवार

मोहनराव : बारामतीच्या भर बाजारातनं उघडी तलवार खांद्यावर टाकून चाललीस, पोरी. ती काय उसाची मोळी हाय?

रतन : गंजत चालली व्हती, तात्या. शिकलगाराकडं धार लावाया न्हेली. कुनाला मारलं का मी?

मोहनराव : मारलं न्हाईस म्हणून तर घरी हायेस. हवालदार धरून बसला व्हता. मी म्हणलं, सांगवीचा पोलीस पाटील हाय मी, पोरगी माझ्या गावची, तलवारीसकट माझ्या हवाली करा.

सरुबाई : च्या ठिवू का, पाटील?

मोहनराव : ऱ्हाऊ द्या, वैनी. बसा जरा, ऐकून घ्या. आजवर तलवार घरात व्हती, मी बघून न बघितल्यावानी केलं. खंडेनवमीला तिला झेंडू वाहिला, कुणाचं काय गेलं? पण रस्त्यावर आली म्हणजे कायद्याच्या डोळ्यात आली. आता परवाना पाहिजे. सोमवारपतुर.

रतन : आपल्यातली न्हवंच ती. जपान्याची हाय.

मोहनराव : कायद्याला जपान्याची काय आन् जेजुरीची काय. एवढं लांब पातं दिसलं की हत्यार.

रतन : मग काढा परवाना. माझ्या बानं ब्रम्हदेशात लढून मिळवलीया. त्येच्या पलटणीतल्या वरकुट्याच्या रामहरीकाकाला इचारा. त्येच्याच हाती घरी धाडली, म्हनला, तू हो म्होरं, मी मागनं येतो.

मोहनराव : तितंच घोडं अडलंय. परवाना मालकाच्या नावानं मिळतो. मालक नसला तर वारसाच्या. आन् मालक मेल्याबिगर कुणी वारस व्हत न्हाय.

रतन : मग मेलाय की.

सरुबाई : रतन.

रतन : काय रतन? पलटणीतले जित्ते व्हते त्ये समदे आले. आन् तू अजून वटपुनवंला वडाला सूत गुंडाळतीस. पेन्शनीला सुदिक न्हाय म्हनलीस. का, तर तितं मेला म्हनावं लागतं.

सरुबाई : मरताना कुनी बघितलं? रामहरीभावजींनी सुदिक न्हाय. सरकार म्हनलं, हरवल्यात. हरवलेलं मानूस घावतं.

रतन : इतक्या वर्सांनी?

सरुबाई : पाटील, तसलं काय न सांगता ऱ्हात न्हाय का घरात?

मोहनराव : न्हाय. मग ठाण्यात जमा करायची. मालक आला की येऊन सोडवंल. नायतर मामलेदारापुढं उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं, नवरा मयत हाय. बायकोनंच म्हणावं लागतं, माझं चालत न्हाय.

सरुबाई : मग जमा करून टाका.

रतन : लई सोपं झालं. फोटू न्हाय, टोपी न्हाय, मला बापाचं तोंड सुदिक ठावं न्हाय. ती मूठ धरली की वाटतं, हितं त्येचा हात व्हता. तीबी देऊन टाक.

सरुबाई : मूठ जपान्याच्या घामानं काळी झालीया, बाय. तुझ्या बापाच्या न्हाय. ज्याची ती, त्येच्या घरातबी कुनी दाराकडं बघत बसली असंल.

रतन : बसू दे. तुला वाटतं, मला शिकायचं नव्हतं म्हनून शाळा सोडली. मास्तर समद्यांम्होरं इचारायचा, बाप हाय का न्हाय गं तुला? मला सांगता यायचं न्हाय. पोरं हसायची. येक दिस पाटी त्येच्या अंगावर टाकली आन् आले. अजूनबी कुनी सांगत न्हाय. हाय का न्हाय?

मोहनराव : पोरी, आईसंगं असं बोलत्यात का?

सरुबाई : बोलू द्या तिला.

(सरुबाई उठून दारापर्यंत जाते, बाहेर बघते, परत येऊन बसते.)

सरुबाई : पाटील, मामलेदार मोठ्यानं इचारतो का हळू?

मोहनराव : म्हंजे?

सरुबाई : लोकं असत्यात ना तितं. येते मी सोमवारी. म्हनते. लेकीला तेवढं तरी ऱ्हावं. त्येंचं नाव घ्यावं लागंल का? मी उखाण्याबिगर कधी घेतलं न्हाय.

मोहनराव : घ्यावं लागंल, वैनी. कुंडलिक मयत हाय, असं सरळ.

रतन : आई, कपाळावरचा हात खाली घे.

सरुबाई : काय न्हाय गं. घाम आला.

रतन : खाली घे म्हनते. कुकू पुसतंय. तात्या, कणगीमागं ठिवलीया. उचला.

मोहनराव : आन् परवाना?

रतन : कशाला? जमा करा.

मोहनराव : नीट इचार कर. येकदा ठाण्यात गेली की मालकाबिगर सुटायची न्हाय. तुला सुदिक देणार न्हाईत.

रतन : ऐकलं मी.

मोहनराव : बरं. पण तितं इचारत्यात, मालक कुठं हाय म्हणून. काय सांगू?

रतन : गावाला गेल्यात म्हनावं.