कार्डाचं पाकीट

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षा मालिनीताई अंबरनाथच्या दातांच्या दवाखान्यात सुजलेल्या गालामुळे अर्धा चेहरा पदराखाली झाकून बसल्या होत्या. शेजारी दोघी बोलत होत्या.

"इंदे, हे कागदाचं पाकीट कुठलं गं?"

"महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी शिकवलं. डिंक नाही, कात्री नाही, नुसत्या घड्या. कार्ड ठेवायला."

"आपल्याकडे कुठलं आलंय कार्ड?"

"बाईंनीच दिलं की स्वतःचं. म्हणाल्या, अडचण आली की हे दाखवून बंगल्यावर या."

"मग गेलीस?"

"गेले ना, चाळीच्या नळासाठी. वॉचमन म्हणाला, असलं कार्ड घेऊन रोज कोणीतरी येतं, बाई भेटत नाहीत."

"म्हणजे हात हलवत परत."

"तसं नाही. पाकीट आवडलं त्याला. त्याच्या लोकलच्या पासासाठी गेटवर बसून एक करून दिलं, तर पाणी पाजलं बिचाऱ्यानं. बंगल्याच्या नळाचं."

"शिक्षण वाया नाही गेलं म्हणायचं."

तेवढ्यात कंपाउंडरनं मालिनीताईंच्या हातात दवाखान्याचं कार्ड ठेवलं. इंदूनं आपल्या पाकिटातलं बाईंचं कार्ड काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि रिकामं पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

"यात ठेवा ताई, हरवणार नाही. शिकलेलं दुसऱ्याच्या कामी यावं, असं आमच्या बाई सांगतात."