खोड सांगून विकायचं

…रंगाला भुलू नका सर. रंग मागच्या महिन्यात मारलाय, घर विकायचं म्हणून. त्याच्याखाली बघा — हितं, खिडकीच्या कोपऱ्यातून वर — बोट फिरवा. लागली का भेग? हां. काळ्या रानातलं घर हाय हे. माती उन्हाळ्यात आकसती, पावसाळ्यात फुगती, मधी भिंत बिचारी काय करल? आता मे महिन्यात बोट जातं तिच्यात, श्रावणात आपोआप मिटती. आन् भेग मिटली की हे दार लागत न्हाई. खांदा द्यावा लागतो. मॅडमला जमंल का रोज खांदा द्यायला? हसू नका, खरं सांगायलोय.

तुमी म्हणताल, हा कसला विकणारा, आपल्याच मालाला नावं ठेवायलाय. बरोबर हाय. पण मी जनावराच्या बाजारात वाढलेला माणूस. सातवीतून पळालो ते थेट दावणीलाच गेलो. तिथला कायदा काय — बैल विकायचा तर खोड पयले सांगायची. मारका असंल तर मारका, डाव्या बाजूला जुपला की खाली बसत असंल तर तसं. इसार हातात घ्यायच्या आधी सगळं. इसार घेतल्यावर खोड निघाली तर परत बाजारात तोंड दाखवायला जागा न्हाई. घराला बी तोच कायदा, मी असं म्हणतो. बालाजीदादा — वैनीचा भाऊ, पूर्णेला रेल्वेत हाय — तो फोनवर बजावायलाय, पप्पू, चांगलं तेवढं सांग, जिभेला लगाम घाल. त्याला काय, तो पूर्णेत बसून बोलणार. वैनीसाठी तिकडं खोली बघून ठेवलीय, तिच्या पोरीची, प्रियांकाची, शाळा बघून ठेवलीय. घर वैनीच्या नावावर हाय, विकायलीय बी तीच. मी नुसता बोलणी करायला. मला ह्यातला एक रुपाया नको, ते पयलेच सांगतो.

या, जिना बघा. जपून — शेवटची पायरी! बघा, ठेचकाळलात का न्हाई? सगळे ठेचकाळतेत. ती चार बोटं उंच झालीय. माझा दादा परमेश्वर मिस्त्री, अर्ध्या जिंतूरची घरं त्याच्या हातची, वळंबा लावल्याबिगर वीट ठेवायचा न्हाई, आन् स्वतःच्या जिन्याला हिशोब चुकला. मी म्हणलं, दादा, तोडून नीट कर. तर म्हणतो, राहू दे, पाव्हणा वर चढला की मान खाली घालून येईल, तेवढाच नमस्कार… काय? कुठं हाईत म्हणजे? दादा — कामाला — तुमी ती टाकी बघा आधी. टाकी चांगलीय, टाकीला खोड न्हाई. बोअरला हाय. पाणी मचूळ, डाळ शिजत न्हाई त्यात. आन् होळी झाली की तेबी खोल जातं. एकदा न्हाणीत साप निघाला व्हता. हे बी सांगतो. धामण व्हती, पण साप तो साप.

तुमी गणिताचे सर का मराठीचे? गणिताचे! मग तर भाव पाडण्यात मला ऐकणार न्हाईत. पाडा. बावीस म्हणलंय आमी, तुमी पाडा. आधी एक खताचा दुकानदार आला व्हता, त्याला साप सांगितला, चहा अर्धा ठेवून गेला. दुसऱ्याला बोअर सांगितला. तिसरा तर — जाऊ द्या. वैनी दर बारीला चहा करती. पाव्हणे गेले की कप उचलून नेती, धुती. पयल्या बारीला विचारलं तिनं, काय म्हणले? आता विचारत बी न्हाई. माझ्याकडं बघती आन् कप धुती.

चला खाली. मॅडम आतच हाईत का अजून वैनीसंगं? बसू द्या. बायकांचं स्वयंपाकघर बघून झालं म्हणजे निम्मा सौदा झाला म्हणतेत… काय म्हणलात? परत म्हणा. कूलर? हा कूलर ठेवून जा, म्हणजे लगेच हो म्हणता? तुमाला हाच दिसला का सर सगळ्या घरात? त्याला पोचे किती पडलेत बघितले न्हाईत? पहारीनं पाडलेत. मीच. त्याची वायर बी मी कोयत्यानं तोडली. भंगारवाला न्यायला आला तर त्याच्या अंगावर धावून गेलो, आन् ठेवून घेतला तर रोज ह्याच्याकडं बघवत न्हाई. कळंना मला, ह्याचं काय करावं.

ऐका मग, ही सगळ्यात मोठी खोड. मागचा वैशाख. दादा कामावरून आला, पाय धुतले, अनवाणीच हितं उभा राहिला आन् बादलीनं ह्यात पाणी टाकायला लागला. पंखा चालू. फरशी वली. प्रियांका म्हणत व्हती, बाबा, लय उकडायलंय — तिला सांगू नका हे, तिला असं वाटंल की — लहान हाय ती. करंट पत्र्यात उतरला व्हता. वैनी पिठाचा हात घेऊन बाहेर आली तवर संपलं व्हतं. मी बाजारात. फोनवर शेजारचा म्हणला, लवकर ये, आन् मला वाटलं गाय सुटली असंल. गाय! हितंच, सर. तुमी उभे हाईत तिथंच. न्हाई, सरकू नका, सरकून काय व्हतं.

झालं. आता सांगा, ठेवायचाय का कूलर? ज्या घरात धडधाकट माणूस गेला ते घर घ्यायचं का? लोक म्हणतेत घराची शांती करा, हे करा, ते करा. तिसरा गिऱ्हाईक हे ऐकून चपला हातात घेऊन गेला. तुमी बी जा, मला राग न्हाई. खरं सांगू का, जा. कारण तुमी घेतलं तर वैनी पूर्णेला जाती, पोरगी जाती — तिनं जावंच, भावाजवळ राहील, तरणी बाई हाय, हितं कुणाच्या आधारानं ऱ्हाईल? माझ्या? मला भाकरी कोण करून घालंल म्हणून न्हाई हो बोलायलो. चार दिवस उपाशी ऱ्हाईन. पण हे घर हाय तवर मला वाटतंय, दादा कुठं तरी लांब कामाला गेलाय, स्लॅब पडला की येईल. घर गेलं तर यायचा कुठं तो?

असं करा, तोंडानं नका बोलू. द्या हात. वरून ही दस्ती, रुमाल, टाकतो — आमच्या बाजारात असाच सौदा व्हतो, कुणाला दिसत न्हाई, कुणाची लाज जात न्हाई. सोपं हाय. बावीसमधून जेवढे लाख कमी करायचे तेवढी माझी बोटं धरा. पाची धरा, मी समजून घेईन. धरा. धरा की. ही बोटं हितं हाईत, सर, तुमी नुसता तळवा धरलाय. एक बी न्हाई? समजलं का तुमाला, बोट न्हाई धरलं म्हणजे पुरे बावीस व्हतेत. एवढं ऐकून बी?

आधीच माहीत व्हतं? कुणी सांगितलं? वैनीनं? कवा — फोनवर? सगळं? भेग, साप, दादाचं बी? मग मी घंटाभर काय बडबडायलोय! आन् तुमी ऐकून घ्यायलात, भिंतीला बोटं लावायलात, दादा कुठं म्हणून इचारलंत, कूलर बी मुद्दाम मागितलात, मी बोलावं म्हणून… काय म्हणली ती? नीट सांगा, तिच्या शब्दांत सांगा.

"माझा दीर खोडी सांगंल. त्याला मधी तोडू नका."

…सोडा हात. सोडा म्हणलं ना. जा आत, इसार तिच्या हातात द्या. मी न्हाई येत. ओट्यावर हाय मी. जाताना दार नुसतं ओढून घ्या, आज खांदा द्यायची गरज न्हाई. जा सर.